लाल डगला आणि पुण्याची बैठक

अठराव्या शतकातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या व्यक्तिचित्रांचा एक ठरलेला साचा होता. लाल डगला, ऐटदार पवित्रा, मागे काळवंडलेले आभाळ, जमल्यास घोडा. सर जोशुआ रेनॉल्ड्सने १७५६ साली रंगवलेला कॅप्टन ऑर्म पाहा. घोड्याला रेलून उभा असलेला हा तरुण विजयी वीरच वाटतो. वस्तुतः आदल्याच वर्षी अमेरिकेत ब्रॅडॉकच्या फौजेचा धुव्वा उडाला, त्या लढाईत तो जखमी झाला होता. चित्रात पराभवाचा मागमूस नाही! कलाकृती म्हणून ते थोर आहे. साक्षीपुरावा म्हणून मी ते मानणार नाही.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे त्याने काढलेले चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. येथे विलायती साचा निरुपयोगी ठरला. पेशवे बैठकीवर बसणार. घोड्याला रेलून उभे राहण्याची दरबारची रीत नव्हे. ऐट काढता येईना, म्हणून वेल्सला चेहऱ्याकडे पाहावे लागले. नानांची कृश, सावध मुद्रा आपल्याला लाभली ती त्यामुळे, असे माझे मत आहे.

थॉमस डॅनियलच्या भव्य दरबारचित्राबद्दल मात्र मला असे म्हणवत नाही. टिपूविरुद्धचा १७९० चा तह रेसिडेंट मॅलेट पेशव्यांना सादर करीत आहे, असा प्रसंग. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या अभ्यासचित्रांवरून डॅनियलने हे रंगवले आणि १८०५ साली ते लंडनला प्रदर्शित झाले. मॅलेट तोवर वेल्सचा जावई झालेला! तहाच्या वेळी दोघांपैकी एकही चित्रकार पुण्यात नव्हता. चित्राचा नायक अर्थातच मॅलेट.

आम्हा सीमाभागातल्यांना हा तह परका नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे ज्या मुलखातून वाहते, तेथेच त्याची किंमत मोजली गेली. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण सोबत होती. सहा महिन्यांहून अधिक काळ झुंजून एप्रिल १७९१ मध्ये किल्ला पडला. त्या दरबारचित्रात याची धूळही नाही.

तहाच्या वर्षी पुण्यात हजर असलेला एक चित्रकार होता, गंगाराम तांबट. नोव्हेंबर १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला. ते रेखाटन आज अमेरिकेत येल येथे आहे. त्यात ना डगला, ना आभाळ. जाड कातडीच्या घड्या मात्र समोर बसून पाहिलेल्या.