विरोधक कुठे बसवला आहे? पंक रॉक, वर्णद्वेष आणि आंबेडकरी जलसा



महाळुंग्यात, चाकण एमआयडीसीच्या ऐन पोटात, पंक रॉकवर व्याख्यान. विषय ऐकून दोन शंका आल्या असतील. एक, हा धिंगाणा आपल्या काय कामाचा? दुसरी जरा खोल आहे. वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग, आपल्याकडे जात आहे, मग तुलना कशी करायची?

दुसरी शंका आधी घेऊ. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली, नाव ठेवलं दलित पँथर, तेही ब्लॅक पँथरवरून. म्हणजे ही सोयरीक जुनीच आहे. पण बाबासाहेबांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये स्पष्ट मांडलं की जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांच्यात वंशाचा फरक नाही. तेव्हा दोन्ही रोग एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्याविरुद्ध माणसं गाऊ लागतात तेव्हा काय होतं, एवढ्यापुरती तुलना करायची आहे. आणि ती शब्दांची करायची नाही. निषेधाच्या गाण्यांचे शब्द जगभर सारखेच असतात. आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत. या मैफलीत विरोधक कुठे बसवला आहे?

आता लंडनकडे जाऊ.

५ ऑगस्ट १९७६. बर्मिंगहॅममध्ये एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाचा कार्यक्रम होता. दारूच्या नशेत त्याने मंचावरून परदेशी लोकांना हाकलून द्या, इनॉक पॉवेल बरोबर बोलतो, अशा अर्थाचं भाषण ठोकलं. आणि हा कोण? दोन वर्षांपूर्वी बॉब मार्लीचं गाणं गाऊन ज्याने अमेरिकेत यश मिळवलं, तोच! काळ्यांचं संगीत हवं, काळे शेजारी नकोत. ढोलकी हवी, ढोलकीवाला ओट्यावर नको, हे आपल्याला काही नवं नाही.

रेड साँडर्स, रॉजर हडल वगैरे मंडळींनी संगीताच्या साप्ताहिकांना एक संतप्त पत्र लिहिलं आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं राहिलं. त्याच सुमाराला पंक आलं. तीन स्वरमेळ शिकलात की बँड काढा, असा त्याचा बाणा. शास्त्र येत नाही म्हणून कुणी गप्प बसायचं नाही. पण पंक जन्मतःच पुरोगामी होतं असं समजू नका. सिड व्हिशस, सूझी सू यांच्यासारखे कलावंत नाझींचं स्वस्तिक अंगावर मिरवत होते, वडीलधाऱ्यांना डिवचायला. ‘शॅम ६९’ या बँडच्या कार्यक्रमांना तर मुंडण केलेल्या, नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या तरुणांची झुंड यायची. म्हणजे पंक ही दोघांच्या ताब्यात जाऊ शकणारी, मधल्या मध्ये पडलेली जमीन होती.

रॉक अगेन्स्ट रेसिझमचं शहाणपण इथे दिसतं. त्यांनी ही जमीन सोडून दिली नाही. एकाच संध्याकाळी पंक बँड आणि काळ्यांचा रेगे बँड, दोन्ही एकाच तिकिटात, अशी रीत पाडली. ज्या पोराला फक्त पंक ऐकायचं आहे, त्याला रेगेही ऐकावंच लागणार. ३० एप्रिल १९७८ला ट्रॅफल्गर चौकातून मोर्चा निघाला आणि पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला. ८०,००० किंवा त्याहून अधिक माणसं होती असे अंदाज आहेत. मंचावर ‘द क्लॅश’, ‘टॉम रॉबिन्सन बँड’, सोमाली बापाची लेक पॉली स्टायरीन हिचा ‘एक्स-रे स्पेक्स’ आणि ‘स्टील पल्स’. हा शेवटचा बँड हँड्सवर्थचा, म्हणजे क्लॅप्टन जिथे बरळला त्याच बर्मिंगहॅमचा. आणि ‘शॅम ६९’चा गायक जिमी पर्सी क्लॅशबरोबर गायला मंचावर आला. त्याच्या मागे येणाऱ्या मुंडणवाल्या पोरांना तो केवढा धक्का असेल, बघा. त्या दिवसाचा आमच्या लेखी हाच खरा ऐवज आहे.

म्हणजे उत्तर मिळालं. इथे विरोधक प्रेक्षकांत बसवला होता. जोखीम घेऊन बसवला होता.

पण आता कौतुकाला आवर घालू, कारण या चळवळीवर पुढे लिहिलं गेलं त्यात आरती फार ओवाळली गेली आहे. त्या मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी, ४ मे १९७८ला, त्याच पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली हा बांगलादेशी तरुण कामावरून घरी जाताना भोसकून मारला गेला. कपड्यांच्या कारखान्यातला कामगार. १४ मे रोजी हजारो बंगाली माणसं त्याची शवपेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. आता विचारा, व्हिक्टोरिया पार्कच्या मंचावर ही माणसं कुठे होती? काळे होते, गोरे होते. रस्त्यात मार खाणारे बंगाली, पंजाबी जवळजवळ नव्हतेच. पुढे २४ सप्टेंबरला ब्रॉकवेल पार्कात दुसरा मोठा मेळावा भरला, आणि त्याच दिवशी नॅशनल फ्रंटने पूर्व लंडनमध्ये मोर्चा काढला. दक्षिणेला गाणं रंगलेलं, इकडे ब्रिक लेन राखायला माणसं कमी. त्यावर तेव्हाच टीका झाली आणि आमच्या मते ती रास्त होती. १९७९च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटचा धुव्वा उडाला, हे खरं. पण त्याचं सगळं श्रेय गिटारींना देता येत नाही. परक्यांच्या भीतीची भाषा तोवर थॅचरबाईंनी स्वतःच उचलली होती.

हाच प्रश्न आता आपल्याकडे आणू. भीमराव कर्डक यांचं ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ सालचं, व्हिक्टोरिया पार्कच्याच वर्षीचं. ते सांगतं ती हकिगत मात्र त्याआधी चार-साडेचार दशकं सुरू झालेली. सत्यशोधक जलशांची वाट आधी पडलेली होतीच. त्या वाटेने दिवसा कामाला जाणारी माणसं रात्री गावोगाव, चाळीचाळीत जलसे करू लागली. साचा तमाशाचाच: गण, गौळण, बतावणी, वग. ज्या फडात महार-मांग कलावंतांना नाचवून इतर लोक पैसे उधळत होते, तोच साचा त्यांनी हातात घेतला, त्यातला शृंगार काढला आणि चवदार तळं, शिक्षण, महारकी सोडणं हे विषय भरले.

या जलशाची खरी ताकद गाण्यात होती असं सरसकट सांगितलं जातं. आम्हाला ती संवादात दिसते. वगात भटजी असतो, सावकार असतो, पाटील असतो, आणि आपल्याच वस्तीतला एखादा असतो, जो म्हणतो, “बापजाद्यांपासून चालत आलंय, आपण कशाला मोडायचं?” मेलेलं जनावर ओढू नका म्हटलं तर तो विचारतो, मग खायचं काय? प्रश्न खोटा नाही. त्याला बोलू द्यावं लागतं, आणि मग सोंगाड्या त्याची फिरकी घेत घेत उत्तर देतो. लोक हसतात ते त्याला, आणि थोडे स्वतःलाही. म्हणजे जलशाने विरोधक नाटकातच बसवला होता. तत्त्वज्ञानात याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, मग खोडायचं. नैयायिकांनी संस्कृतात केलं ते या मंडळींनी कंदिलाच्या उजेडात केलं. स्टील पल्सवाले आपल्या कार्यक्रमात कू क्लक्स क्लॅनच्या टोप्या घालून उभे राहत. तेही सोंगच. जात एकच म्हणायची या दोघांची!

जलशाची उणीवही सांगितली पाहिजे. पाटलाचं सोंग मंचावर होतं, पण खरा पाटील क्वचितच ऐकायला बसला. व्हिक्टोरिया पार्कात नेमकं उलट झालं. तिथे विरोधक समोर होता, पण ज्याच्यासाठी भांडायचं तोच गैरहजर. दोन्ही गोष्टी एका मांडवाखाली आल्याची उदाहरणं फार थोडी.

आणि किंमत? टाळ्या पडतात तोवर सगळे सारखेच. २३ एप्रिल १९७९ला साउथॉलमध्ये पोलिसांच्या कारवाईत जखमी झालेला ब्लेअर पीच हा शिक्षक मध्यरात्रीनंतर मेला. ‘मिस्टी इन रूट्स’ या रेगे बँडच्या ठिकाणी पोलीस घुसले, त्यांचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला. जुलैमध्ये साउथॉलच्या लोकांसाठी निधी जमवायला पंकवाले आणि रेगेवाले पुन्हा एकत्र वाजले. हे त्यांच्या खात्यावर जमा करू. आपल्याकडे ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११चा चित्रपट तिथून सुरू होतो आणि पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत येतो. त्या मंचाच्या तीन कलावंतांना सप्टेंबर २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. म्हणजे ही गाणी कुणीतरी मन लावून ऐकतं, निदान सरकार तरी.

आता आपल्या भागाकडे वळू. इथून देहूरोड जवळ आहे, जिथे २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. चाकण–शिक्रापूर रस्त्याने गेलं की कोरेगाव भीमा. १ जानेवारीला तिथे गाण्यांना तोटा नसतो. जयंतीला डीजे असतो, आणि सुशिक्षित लोक त्यावर नाक मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. ज्यांच्या आवाजावरच पिढ्यानपिढ्या बंदी होती, त्यांनी आवाज मोठा केला तर त्यात एक दावा आहे. पंकचाही तोच होता. आमची तक्रार आवाजाची नाही. त्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे पूर्वपक्षाला जागाच उरत नाही, कुणी उलट बोलूच शकत नाही, ही तक्रार आहे. पुण्यातल्या तिकीटवाल्या रॉक महोत्सवांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे विरोधक फाटकाबाहेरही नसतो, कारण मुद्दाच नसतो.

आणि महाळुंगे? इथल्या खोल्यांत लातूर, बीड, नांदेडची पोरं राहतात, बिहार, ओडिशा, झारखंडची राहतात. कंत्राटी, तीन पाळ्यांत वाटलेली. खोली बघायला गेलं की आधी प्रश्न येतो, “कुठले तुम्ही?” आणि मराठी असेल तर दुसरा, “आडनाव काय?” बीडचा दलित पोरगा आडनाव सांगताना चाचरतो, आणि तोच पोरगा कंपनीच्या गेटवर बिहाऱ्याला ‘ए भैया’ म्हणून हाक मारतो. वगाला याहून चांगला विषय कुठला हवा? घरमालक, हा पोरगा, तो बिहारी आणि लेबर पुरवणारा ठेकेदार. चारच पात्रं. घरमालकाला नुसता खलनायक करून चालणार नाही. जमीन एमआयडीसीत गेली, आता खोल्यांवरच घर चालतं, हे त्याचं म्हणणं त्याच्या तोंडून नीट आलं पाहिजे. बिहाऱ्याला त्याची भोजपुरी बोलू द्यायची. आणि प्रयोग ठेवायचा तो सभागृहात नाही, पाळी सुटते त्या वेळी, खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, घरमालकाच्या परवानगीने.

परवानगी मागायला कोण जाणार, एवढं ठरवा. मग प्रश्नोत्तरं घेऊ.