ओले तळवे : 'श्यामची आई'तील एका प्रकरणाविषयी

आध्यात्मिक नूतनीकरण हा शब्द प्रायश्चित्तकाळ आला की आपल्या धर्मग्रामांत हमखास कानी पडतो. ध्यानसाधना होते, पापनिवेदनासाठी रांगा लागतात, पास्काच्या रात्री मेणबत्त्या उजळतात. आणि महिना लोटतो न लोटतो तोच घरातले जुने अबोले पुन्हा सुरू होतात. आपले नवेपण इतके अल्पायुषी का, या प्रश्नाने मला साने गुरुजींच्या 'श्यामची आई'कडे पुन्हा वळवले.

1924 ते 1930 या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते झाडीत, त्यांचे कपडे धूत, आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढीत. पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. परंतु त्यातील वात्सल्य अमळनेरात आधी हातांनी आचरले गेले होते.

'थोर अश्रू' या प्रकरणातला प्रसंग सर्वपरिचित आहे. आईने श्यामला आंघोळ घातली आहे. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने आपले वस्त्र दगडावर पसरावे, असा त्याचा हट्ट. आई तो पुरवते आणि मग सांगते की, तळव्यांना जसा जपतोस तसाच मनालाही जप.

हे वाचताना संत योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. ज्याचे स्नान झाले आहे त्याला केवळ पाय धुण्याची गरज असते, असे प्रभू पेत्राला समजावतो. बाप्तिस्मा हे आपले स्नान; ते एकदाच होते. पण चालणाऱ्याच्या पायांना धूळ लागतेच. नूतनीकरण म्हणजे दुसरे स्नान नव्हे, तर रोजचे पाय धुणे होय. वर्षातून एकदा मोठा सोहळा करून उरलेले दिवस धुळीकडे काणाडोळा करणे, ही आपली खरी चूक आहे.

या पुस्तकात अश्रू फार, असा आक्षेप घेतला जातो. काही ठिकाणी भावनेचा पूर विचाराला बुडवतो, हे मान्य करावे लागेल. या प्रकरणात मात्र अश्रूंना काम आहे : ते मन धुतात. कोंबडा आरवल्यावर पेत्रानेही असेच अश्रू ढाळले होते.

एक प्रश्न तरीही उरतो. मन जपण्याचा हा उपदेश निव्वळ स्वप्रयत्नाचा आहे काय? तसा तो असता तर ख्रिस्ती वाचकाला अपुरा वाटला असता. कारण पेत्राला आधी आपले पाय दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले, आणि तेच त्याला जड गेले. पण गुरुजींनी साधलेला क्रम पाहावा : आई आधी वस्त्र पसरते, उपदेश नंतर करते. कृपा आधी, आज्ञा मागून. गुरुजी ख्रिस्ती नव्हते, त्यांना तसे ठरवण्याचा अट्टहासही नको. मात्र त्यांच्या लेखणीने आपलेच शुभवर्तमान आपल्याला अंगणातल्या दगडावर दाखवले, हे ऋण मान्य करावे.

पवित्र गुरुवारी वेदीसमोर बारा जणांचे पाय धुतले जातात. त्याच रात्री घरी आल्यावर ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यापुढे आपण काय पसरणार, यावर आपले नवेपण अवलंबून आहे.