विषवाणिज्य

प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो, बहुतेकजणी घाईघाईत. त्यातल्या 'विषवाणिज्य' या शब्दाशी माझी जीभ हल्ली अडखळते. सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात कृषी केंद्रांच्या पाट्या वाचा, किती आडनावं आपली निघतात! आमच्याही घरचं दुकान होतं, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवून मला सुटता येत नाही.

2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारलेल्या औषधांत सिंजेंटाचं 'पोलो' होतं, असं पीडितांचं म्हणणं. कंपनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलची, आणि खुद्द त्या देशात हे औषध 2009 पासून बंद! 2020 मध्ये 51 कुटुंबांनी थेट स्विस सरकारकडे तक्रार नेली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी तिथल्या कोर्टाचीही वाट धरली. कंपनीने जबाबदारी नाकारली.

औषधासोबतचं माहितीपत्रक एकदा नीट वाचून पाहा. मोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. सगळी वाक्यं आज्ञार्थी, आणि कर्ता एकच: 'तुम्ही'. बनवणारा, विकणारा त्यात कुठेच नाही. अक्षर मुंगीएवढं. शेतावरच्या एकीला मी ते दाखवलं, तर म्हणाली, "वाचता कोणाले येते बाई? अन् मोजे काय मालक देते?"

माझ्या मते अख्ख्या पत्रकावरची टीका या दोन प्रश्नांत आली. वाचू न शकणाऱ्याच्या हाती सूचना दिल्या, की दोष त्याचाच!

कंपन्यांनी आपल्या धंद्यातून, पुरवठ्याच्या साखळीतूनही, माणसाच्या हक्कांना इजा होऊ देऊ नये, अशी तत्त्वं संयुक्त राष्ट्रसंघाने 2011 मध्ये मान्य केली. चांगली आहेत, पण बंधनकारक नाहीत. आपल्याकडे तर कृत, कारित, अनुमोदित असा हिशेब केव्हाचा आहे: केलेलं, करवलेलं आणि मान डोलावलेलं, तिन्हीचा बंध. तरी पाणी गाळून पिणारे आपण गल्ल्यावर बसलो की फक्त 'कृत' धरतो. "फवारलं त्यानं, आम्ही थोडंच?" बासेलचं उत्तर याहून फार वेगळं नाही.

आमच्या दुकानात वरच्या फळीवर रबरी मोजे असायचे. दिवाळीला धूळ झटकायचं काम माझ्याकडे. औषधाच्या डब्यासोबत एक जोडी कुणाला फुकट दिल्याचं मला आठवत नाही.