नी-कॅपने गुण येतो का? एक शोधनिबंध आणि आपल्याकडचा गुडघा

लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, मेडिकलवर ‘नी-कॅप द्या’ म्हटलं की बहुतेकदा एकच प्रश्न येतो: एल की एक्सएल? माप टेपने घेतलं जात नाही. आजीचा गुडघा कितपत जाड, हे नातू हातवारे करून सांगतो आणि पुडा घरी येतो. पुढे आजीला बरं वाटलं तर ‘ब्रेसने गुण येतो’, नाही वाटलं तर ‘सगळं थोतांड’. संशोधनात शिरू पाहणाऱ्यांनी इथेच थांबून विचारायला हवं, की नेमकं कशाने गुण आला किंवा आला नाही?

या विषयावरचा एक चांगला निबंध वाचू. 2015 साली ‘अ‍ॅनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस’मध्ये मायकेल कॅलघन आणि मँचेस्टरच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग छापून आला. गुडघ्याच्या वाटीमागची झीज असलेले 40 ते 70 वयाचे 126 रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला वाटी जागेवर धरणारा मऊ ब्रेस दिला, दुसऱ्याला सहा आठवडे काहीच नाही. ब्रेसवाल्यांनी तो दिवसाला सरासरी सात तासांहून जास्त वापरला. ज्या कामाने सगळ्यात जास्त दुखतं ते काम रुग्णाने स्वतः निवडायचं आणि त्या वेळची वेदना दहा सेंटिमीटरच्या रेघेवर दाखवायची. दोन गटांत फरक पडला 1.3 सेंटिमीटरचा, ब्रेसच्या बाजूने.

आता हा आकडा ब्रेसचाच का? ज्याला ब्रेस मिळाला त्याला ते माहीत होतं. खोटा ब्रेस देऊन तुलना केली नव्हती. ‘मला उपचार मिळाला’ या भावनेचा वाटाही त्या 1.3 मध्ये असणार. पण लेखकांनी एमआरआयसुद्धा केला, आणि निबंधातला मला सगळ्यात दमदार वाटलेला भाग तोच. हाडाच्या आत, मगजात झालेले बदल वाटीच्या बाजूला कमी झाले. मांडीचं हाड आणि नडगी जिथे मिळतात तिथे झाले नाहीत. नुसत्या समजुतीने हाड असं जागा पाहून सुधारत नाही. ब्रेस ज्या भागासाठी बनवला त्याच भागात फरक दिसला, म्हणजे काहीतरी यांत्रिक घडलं असावं.

पण मग लोक हा निष्कर्ष उचलून कुठल्याही नळीसारख्या नी-कॅपला चिकटवतात. माझा आक्षेप तिथे आहे. विशिष्ट झीज, विशिष्ट ब्रेस, रोजचे सात तास, सहा आठवडे: यातली एक अट जरी सुटली तरी तो प्रयोग तुमच्या गुडघ्याचा राहत नाही.

त्याच वर्षीचा कॉक्रेन आढावा 13 प्रयोग आणि 1356 माणसं एकत्र घेऊन ‘ठाम सांगता येत नाही’ असं म्हणतो. त्यात निरनिराळे ब्रेस आहेत, बुटात घालायचे तळवेसुद्धा आहेत. मार्गदर्शक सूचनांचंही एकमत नाही. 2019 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने चालणं, स्थिरता किंवा वेदना यांवर मोठा परिणाम असेल तर ब्रेसची जोरदार शिफारस केली. ब्रिटनच्या नाइसने 2022 मध्ये सांगितलं की सरसकट देऊ नका. सांधा अस्थिर असेल किंवा त्यावर चुकीचा भार येत असेल, आणि ब्रेसशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा पुरत नसेल, तरच विचार करा. परीक्षेत विचारलं तर ‘पुरावे परस्परविरोधी’ असं लिहून मोकळं होऊ नका. दोघांच्या अटी शेजारी ठेवून पाहा, भांडण वाटतं तेवढं मोठं नाही.

औषधाला जसा डोस, तसं ब्रेसला माप आणि तास. मी डॉक्टर नाही, पण मापाच्या गोष्टी साध्या आहेत. पुड्यावर घेर कुठे मोजायचा ते दिलेलं असतं, कुणाचं वाटीवर तर कुणाचं वाटीच्या वर काही अंतरावर. तिथेच टेप लावा, अंदाज नको. बिजागरीचा ब्रेस असेल तर बिजागरी सांध्याच्या रेषेत हवी. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. चार पावलं चालल्यावर ब्रेस खाली घसरला तर तो सैल, आणि बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा पाऊल सुजलं तर घट्ट. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून एक नस जाते. तिथे पट्टा रुतत राहिला तर पाऊल वर उचलणं अवघड होऊ शकतं. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ घालून काढून कातडी पाहावी, मधुमेहाने पाय बधिर असेल तर रोजच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय झोपताना घालू नये. पोटरी अचानक सुजून दुखली, किंवा गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर ब्रेस बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

मँचेस्टरच्या हवेत सात तास घालणं वेगळं आणि आपल्या मे महिन्यात निओप्रिन सात तास घालणं वेगळं. घामाने पुरळ येतं, त्या रबरातल्या रसायनांची काहींना अ‍ॅलर्जीही असते. शिवाय आपल्याकडे ‘सगळ्यात जास्त दुखणारं काम’ म्हणून बायका सोयाबीनची खुरपणी सांगतील, कुणी उकिडवं बसणं, कुणी मांडी घालून जेवणं. गुडघा पूर्ण दुमडला की ब्रेसची घडी मागे खोबणीत रुतते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रांच्या कॉपकॉर्ड पाहणीत घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना सांधेदुखीबद्दल विचारलं होतं. तशीच घरोघर जाणारी, पण ब्रेसची पाहणी कुणाला पीएचडीसाठी करायची असेल तर प्रश्न साधेच ठेवा: विकत आणलेला ब्रेस मेमध्ये दिवसाचे किती तास अंगावर राहतो, खुरपणीला बसताना काढला जातो का, आणि तो घेताना माप कुणी घेतलं होतं.