महान अमेरिकन कादंबरी

महान अमेरिकन कादंबरी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे राष्ट्रीय जीवन व त्यामागील प्रेरणा एकाच कलाकृतीत समग्रपणे व्यक्त करणारी कादंबरी, ह्या अर्थाने अमेरिकन समीक्षेत रूढ झालेली संकल्पना. हा कादंबरीचा एखादा प्रकार नव्हे. तो एक निकष आहे. त्याला कोणती कादंबरी उतरते, हा वाद दीड शतकाहून अधिक काळ चालू आहे.

संकल्पनेस चालना मिळाली ती कादंबरीकार जॉन विल्यम डी फॉरेस्ट (१८२६–१९०६) ह्याच्या, ‘द नेशन’ ह्या नियतकालिकात ९ जानेवारी १८६८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ह्याच शीर्षकाच्या लेखाने. यादवी युद्ध (१८६१–६५) संपून तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. नॅथॅन्येल हॉथॉर्नची पात्रे डी फॉरेस्टला विशिष्ट राष्ट्राची वाटली नाहीत. हॅरिएट बीचर स्टो हिची ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) ही गुलामगिरीविरोधी कादंबरी मात्र, तिच्यातील उणिवा मान्य करूनही, त्याने ह्या आदर्शाच्या सर्वांत निकटची मानली. राष्ट्राचे समग्र चित्र आणि गुलामगिरीचा प्रश्न हे दोन्ही अशा रीतीने आरंभापासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत.

पुढे ही अपेक्षा थट्टेचाही विषय झाली. हेन्‍री जेम्सने १८८० मध्येच तिचा उल्लेख नुसत्या आद्याक्षरांनी केला. फ्रँक नॉरिस ह्याने अशी कादंबरी नामशेष झालेल्या नव्हे, तर पुराणकथेतल्या प्राण्यासारखी असल्याचे म्हटले. फिलिप रॉथने १९७३ मध्ये बेसबॉलवरील आपल्या उपहासगर्भ कादंबरीस हेच नाव दिले. वाद मात्र थांबला नाही.

ह्या वादात तीन कादंबऱ्यांचा उल्लेख प्रामुख्याने होतो. हर्मन मेल्व्हिलच्या ‘मॉबी डिक’ (१८५१) मधील जहाजावर नाना वंशांचे व देशांचे खलाशी एकत्र आलेले आहेत. कप्तान एहॅबच्या वैयक्तिक सूडाला ते उत्साहाने संमती देतात आणि इश्मेल वगळता सर्वांचा नाश होतो. बहुजनांची संमती सर्वनाशाकडे कशी नेऊ शकते, ह्याचे हे प्रत्ययकारी चित्र होय. मेल्व्हिल १८९१ मध्ये मरण पावला तेव्हा ही कादंबरी जवळजवळ विस्मृतीत गेली होती. तिची थोरवी १९२० नंतरच्या दशकात ओळखली गेली. एफ्. स्कॉट फिट्सजेरल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) मध्ये, माणूस स्वतःला नव्याने घडवू शकतो ही अमेरिकन श्रद्धा तपासली आहे. गॅट्सबी नाव बदलतो, अमाप पैसा मिळवतो. पण परंपरागत श्रीमंतांचे जग त्याला आपले मानीत नाही. कादंबरीचा आटोपशीरपणा असामान्य आहे. तथापि तिचा सामाजिक परीघ मर्यादित आहे.

तिसरी कादंबरी मार्क ट्वेनची ‘ॲड्‌व्हेंचर्स ऑफ हकल्‌बेरी फिन’ (१८८४). तिचा दावा प्रथम भाषेचा आहे. एका अशिक्षित मुलाच्या बोलीत संपूर्ण कथन करून ट्वेनने अमेरिकन गद्याला इंग्लंडच्या साहित्यिक भाषेपासून मोकळे केले. आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम ह्याच पुस्तकात असल्याचे अर्नेस्ट हेमिंग्वेने १९३५ मध्ये म्हटले, ते मुख्यतः ह्या दृष्टीने पटण्याजोगे आहे. दुसरा दावा नैतिक आहे. पळालेला गुलाम जिम ह्याचा ठावठिकाणा कळविणारे पत्र हक लिहितो आणि फाडून टाकतो. आपण पाप करीत आहोत व नरकात जाणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. समाजाने घडविलेली सदसद्विवेकबुद्धीच येथे अन्यायाच्या बाजूला आहे आणि सोबत्याविषयीची माया न्यायाच्या. समतेची घोषणा करणाऱ्या राष्ट्राने गुलामगिरी बाळगली, ह्या विसंगतीचे इतके मर्मभेदी दर्शन क्वचितच घडते.

कादंबरीचा अखेरचा भाग मात्र वादग्रस्त आहे. मालकिणीच्या मृत्युपत्राने जिम आधीच मुक्त झालेला असतो. हे ठाऊक असूनही टॉम सॉयर त्याच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो. हेमिंग्वेला हा भाग फसवणुकीचा वाटला. लायोनेल ट्रिलिंग व टी. एस्. एलियट ह्यांनी त्याचे समर्थन केले, तर लिओ मार्क्सने १९५३ मध्ये त्या समर्थनाचे खंडन केले. कलादृष्ट्या हा भाग शिथिल आहे, हे मान्य करावे लागते. तरीही कायद्याने मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा कोंडून त्याच्या मुक्तीचा खेळ करणे, हे दृश्य १८७७ नंतरच्या, म्हणजे दक्षिणेतील पुनर्रचनेचे पर्व संपल्यानंतरच्या अमेरिकेला लागू पडते. ट्वेनचा तसा हेतू असो वा नसो, हा अर्थ कृतीतून निघतो.

कादंबरीची खरी मर्यादा वेगळी आहे : जिम वाचकाला केवळ हकच्या नजरेतून दिसतो. ही उणीव पुढील कृष्णवर्णीय लेखकांनी भरून काढली. राल्फ एलिसनच्या ‘इन्‌व्हिजिबल मॅन’ (१९५२) चा निवेदक, लोक आपल्याला पाहण्याचेच नाकारतात म्हणून स्वतःला अदृश्य म्हणवतो. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) मध्ये मुलीला गुलामगिरीत परत जाऊ न देण्यासाठी तिची हत्या करणारी आई आहे. पर्सिव्हल एव्हरेट ह्याने ‘जेम्स’ (२०२४) मध्ये हकचीच कथा जिमच्या तोंडून सांगितली. तिला २०२५ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले.

अमेरिकेचा गौरव करणाऱ्या कादंबऱ्या ह्या वादात फारशा टिकल्या नाहीत. राष्ट्राने दिलेले वचन व त्याचे आचरण ह्यांतील अंतर दाखविणाऱ्या टिकल्या. कोणती कादंबरी अमेरिकन, ह्या प्रश्नामागे अमेरिकन कोणास म्हणावे, हा प्रश्न उभा असतो. एकाच कृतीची निवड करावयाची झाल्यास ‘हकल्‌बेरी फिन’चा अधिकार सर्वांत मोठा ठरतो. ती निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर तिच्या दोषांनाही उत्तर देणे नंतरच्या समर्थ लेखकांना आवश्यक वाटले म्हणून.