मेणबत्तीपुढचा विद्यार्थी

मायकेल फॅरेडेची गोष्ट आपल्या वर्गांतून नेहमी चुकीच्या टोकाने सांगितली जाते. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडचा उमेदवार, १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला आणि थोर शास्त्रज्ञ बनला. तेव्हा पोरांनो, कष्ट करा! आमच्या आईबापांनी कष्ट काय कमी उपसले? त्यांना नाकारला गेला तो प्रश्न विचारण्याचा हक्क, आणि नेमका तोच या गोष्टीतून गळतो.

फॅरेडेने मुलांपुढे दिलेली मेणबत्तीवरील व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत तो ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरतो आणि आतली वाफ दुसऱ्या टोकाशी आणून पेटवतो. जळते ते मेण, की मेणाची वाफ? उत्तर तो ज्योतीकडूनच वदवून घेतो, पोथीकडून नाही. पुस्तकाची मर्यादाही इथेच आहे: मेणबत्ती त्याच्या टेबलावर, मुले बाकांवर.

मी घासलेटच्या चिमणीपुढे शिकलो. ज्योतीविषयी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुला काय करायचंय त्याचं? बस खाली." म्हणून माझ्या वर्गात मेणबत्ती मुलांच्याच हाती असते. विझवा, वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. पण काय होईल ते आधी वहीत लिहा. ज्योत धुरावरून वातीवर उतरते. परवा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, वारं असलं की होत नाही. तुम्ही ते सांगितलंच नाही." तिने तीनदा करून पाहिले होते.