नफा कशाने भागायचा?

माझी भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुटीत ती आमच्याकडे राहायला आली आणि येताना एक शेत घेऊन आली. शेत संगणकावरचे. खेळाचे नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. मी गेली वीस वर्षे माती आणि तिच्यातली पोषकद्रव्ये यांवर संशोधन करते, म्हणून शेतीचा खेळ म्हटल्यावर मी साहजिकच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी मी तिला सल्लाही दिला, आणि तो चुकला. हा लेख त्या चुकीविषयी आहे आणि खेळाविषयीही.

खेळाची माहिती थोडक्यात. एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने हा खेळ सुमारे साडेचार वर्षे खपून एकट्याने तयार केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, संगणकाची आज्ञावलीही त्याचीच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो बाजारात आला. त्याचा पूर्वज जपानी : १९९६ सालचा, यासुहिरो वादा यांचा ‘हार्वेस्ट मून’. कथा अशी, की कचेरीतल्या कामाला कंटाळलेला नायक (किंवा नायिका) आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर येऊन राहतो. वर्षाचे ऋतू चार, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. प्रत्येक पिकाचा ऋतू ठरलेला असतो. ऋतू संपला, की दुसऱ्या दिवशी ते पीक वाळून गेलेले दिसते. खेळातला एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांचा.

या खेळात जास्तीत जास्त नफा कसा काढावा, याची कोष्टके खेळाडूंमध्ये फिरत असतात. कोष्टकाचे गमक बहुधा एकच असते : एका चौकटीमागे रोजचा नफा. उदाहरणार्थ, वसंत ऋतूतली दोन पिके घ्या. पार्स्निप हे गाजरासारखे पांढरे कंद. बी २० नाण्यांचे, चार दिवसांत तयार, विक्री ३५ ला. नफा १५, म्हणजे रोजी पावणेचार. फ्लॉवरचे बी ८० चे, बारा दिवसांचे पीक, विक्री १७५ ला. नफा ९५, म्हणजे रोजी जवळजवळ आठ. (मालाच्या दर्जामुळे किंमत वाढते, पण ते तूर्त बाजूला ठेवू.) फ्लॉवर दुपटीहून सरस. मी भाचीला तसे सांगितले. ती म्हणाली, “मावशी, तुझं गणित बरोबर आहे गं, पण बी घ्यायला पैसे कुठे आहेत?”

मला हे सुचले नव्हते. मी कागद पुढे ओढला. खेळ सुरू होताना खिशात ५०० नाणी असतात. त्यांत फ्लॉवरच्या सहा बिया येतात, वर २० उरतात. तेराव्या दिवशी सहा गड्डे विकून हाती एकूण १०७०. आता पार्स्निप. पहिल्या दिवशी २५ बिया. पाचव्या दिवशी ८७५ नाणी. त्यांच्या ४३ बिया, १५ शिल्लक. नवव्या दिवशी १५२०. त्यांच्या ७६ बिया. तेराव्या दिवशी पीक हातात, मोल २६६०. ‘सरस’ पिकाच्या अडीचपट! ज्या पिकाचा रोजचा नफा निम्मा, ते पुढे गेले, कारण त्याने पैसा तीन वेळा फिरवला. भाजीवाल्या बाईला हे कुणी शिकवावे लागत नाही. सकाळी घेतलेला माल संध्याकाळी विकून ती तेच पैसे दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरते.

मग कोष्टक खोटे का? तसेही नाही. पार्स्निपच्या त्या तीन फेऱ्यांत झारीने ५७६ वेळा पाणी घालावे लागले, तर फ्लॉवरला ७२ वेळा. प्रत्येक वेळी पाणी घालताना शेतकऱ्याच्या शक्तीतून दोन एकक खर्च होतात आणि सुरुवातीला दिवसाची शक्ती असते २७०. म्हणजे खाऊनपिऊन भर घातली नाही, तर दिवसाला १३५ चौकटींना पाणी. झारीच्या एका खेपेमागे नफा काढला तर पार्स्निपचा पावणेचार आणि फ्लॉवरचा जवळजवळ आठ. आकडे तेच आले, आणि ते तसेच यायला हवेत, कारण एका चौकटीला दिवसातून एकदाच पाणी लागते. कोष्टकातला ‘रोजचा नफा’ हा खरे तर ‘कष्टामागचा नफा’ आहे. कष्ट कमी पडत असतील तेव्हा तो खरा. पैसा कमी पडत असेल तेव्हा नफ्याला भागायचे ते गुंतवलेल्या पैशाने, आणि किती दिवसांत पैसा मोकळा होतो तेही पाहायचे. माझा सल्ला गणितात बरोबर होता. चुकीच्या गोष्टीने भागलेला होता.

आता गंमत पाहा. २६६० नाण्यांत पार्स्निपच्या १३३ बिया येतात. रोजची शक्ती १३५ चौकटींची. म्हणजे तीन फेऱ्यांपर्यंत अडसर पैशाचा होता आणि चौथ्या फेरीला पैसा व कष्ट या दोन्ही मर्यादा जवळजवळ एकाच जागी येऊन भिडल्या. पुढच्या फेरीपासून पैसा उरू लागेल, हात अपुरे पडतील आणि महागडी, सावकाश वाढणारी पिके फायद्याची ठरतील. बरोन यांनी हे मुद्दाम जुळवले असेल असे मला वाटत नाही. पण खेळ रंगतो तो याचमुळे : अडसर सारखा जागा बदलतो.

मातीच्या शास्त्रात हा नियम जुना आहे. कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये तो मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांनी तो जगभर नेला. पिकाची वाढ सर्व पोषकद्रव्यांच्या बेरजेने ठरत नाही. गरजेच्या मानाने जे सर्वांत कमी आहे, त्याने ठरते. स्फुरद कमी पडत असताना नत्र कितीही ओतले तरी उपयोग नाही. यासाठी कमीजास्त उंचीच्या फळ्यांच्या पिंपाचे चित्र दाखवतात. पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते. ती फळी वाढवली, की दुसरी कोणती तरी आखूड ठरते.

याच खेळातले पुढचे उदाहरण तर खऱ्याखुऱ्या पिंपाचेच आहे. खेळात फळांपासून मद्य करता येते. फळाच्या मूळ किमतीच्या तिप्पट किंमत मिळते, आणि शेतीच्या दहाव्या पायरीवर एक विशिष्ट कौशल्य निवडले तर वर आणखी ४० टक्के. दोन फळे यासाठी नावाजलेली. ‘प्राचीन फळ’ एकदा लावले की हरितगृहात दर सात दिवसांनी येत राहते. मद्याची किंमत २३१०. ‘ताराफळ’ तेरा दिवसांचे, बी दर वेळी ४०० चे. मद्याची किंमत ३१५०. खेळाडूंमध्ये यावरून सतत वाद. चौकटीने भागा : प्राचीन फळाचे रोजी ३३०, ताराफळाचे सुमारे २११. पिंपाने भागा : एका पिंपाच्या एका भरणीला प्राचीन फळ २३१० देते, ताराफळ बियांचा खर्च वजा जाता २७५०. ज्याच्याकडे जागा कमी त्याने प्राचीन फळ लावावे, ज्याच्याकडे पिंपे कमी त्याने ताराफळ. दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि भांडणे व्यर्थ. पिंपे कमी का, तर एका पिंपाला लाकूड, तांबे आणि लोखंड यांबरोबर ओकच्या झाडाची राळ लागते आणि ती झाडातून गोळा व्हायला आठवडा लागतो. म्हणजे हरितगृहातल्या धंद्याचा वेग बाहेरची ओकची झाडे ठरवतात! जाता जाता : पिंपात घातलेले फळ साधे की सोनेरी दर्जाचे, याने मद्याच्या किमतीत काहीच फरक पडत नाही. तरी दर्जा वाढवणारे खत अशाच फळांना घालणारे खेळाडू आहेत.

सरासरीचा आणखी एक सापळा वर्गात दाखवण्याजोगा आहे. उन्हाळ्यातल्या ब्लूबेरीचे बी ८० चे. लावल्यापासून तेराव्या दिवशी पहिला तोडा, मग दर चार दिवसांनी, प्रत्येक तोड्याला निदान तीन फळे, एक फळ ५० ला. पहिल्या तीन दिवसांत लावली तर चार तोडे आणि ५२० नफा. ४ ते ७ तारखेला लावली तर ३७०, ८ ते ११ ला २२०, १२ ते १५ ला ७० आणि त्यानंतर ८० चा तोटा. याचा आलेख काढायला सांगा. मुले आधी उतरती सरळ रेघ काढतात. मग त्यांच्या लक्षात येते, की ही जिन्यासारखी पायऱ्यांची आकृती आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तारखेत एका दिवसाचे अंतर, पण नफ्यात १५० चे. पेरणी हुकणे म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही.

इथवर खेळाची बाजू झाली. आता तक्रार.

या शेतातल्या मातीला आठवण नाही. त्याच चौकटीत वर्षानुवर्षे एकच पीक घ्या, काही बिघडत नाही. खत दर्जा सुधारते, वाढ लवकर करते. पण खत न घातल्याने काही कमी होत नाही. पीक जमिनीतून काही उचलते, हेच खेळाला ठाऊक नाही. त्यामुळे फेरपालट निरर्थक, आणि शेंगावर्गीय पिकाला वेगळे काही स्थान नाही. कीड नाही, रोग नाही. पिके वाढली की कावळे तेवढे येतात, आणि त्यांच्यासाठी बुजगावणे. पाऊस पडला तर झारीचे कष्ट वाचतात. न पडल्याने विहीर आटत नाही. माझ्या विषयाचे सगळे ज्ञान या शेतावर निकामी आहे. थोडे वाईट वाटले, नाही म्हणत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तीसपस्तीस माणसांच्या त्या गावातून रोज शंभर बाटल्या मद्य पेटीत टाका. भाव एका नाण्यानेही उतरत नाही. एकच पीक सर्वांत फायद्याचे ठरते आणि ठरलेलेच राहते, याचे मूळ इथे आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की काय होते, हे ज्या मुलांच्या घरी माहीत आहे त्यांना हा खेळ स्वप्नवत वाटेल. ज्यांना माहीत नाही त्यांचा मात्र गैरसमज होईल, की शेतकरी तोट्यात जातो तो हिशेब न आल्यामुळे. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकांनी हा खेळ शाळेत ‘शेतीचे व्यवस्थापन’ म्हणून दाखवावा का, असे विचारले. व्यवस्थापन म्हणून दाखवू नका, असे मी म्हटले. त्यातले गृहीतक मुलांना बदलायला लावा.

उदाहरणार्थ, नियम करा : विकायला नेलेल्या दर दहा पार्स्निपमागे सगळ्या मालाचा भाव एका नाण्याने उतरतो. न पार्स्निप नेले तर भाव ३५ − न/१०, आणि बियांचे २० वजा जाता एकूण नफा न × (१५ − न/१०). दहावीतले वर्गसमीकरण. न ७५ असताना नफा सर्वांत जास्त, सुमारे ५६२. न १५० असताना नफा शून्य! दुप्पट माल पिकवला, दुप्पट पाणी घातले आणि हाती काहीच आले नाही. वर्गात चार गट करा. प्रत्येक गट ७५ पिकवील, कारण उत्तर तेच आले आहे. पण चौघांचा माल एकाच बाजारात जाईल तेव्हा न होईल ३००, आणि भाव पडेल ५ नाण्यांपर्यंत. दर नगामागे १५ चा तोटा. कुणाचेही गणित चुकलेले नसेल. त्या तासाला वर्गात गलका होईल, तो होऊ द्यावा.

खेळाच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि नफ्याची कोष्टके ती सांगत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन नातवाच्या कामाची तपासणी करतात. एकूण गुण २१. त्यांपैकी कमाईचे ७. दहा लाख नाण्यांनंतर पैशाला एकही गुण नाही. उरलेले गुण गावकऱ्यांशी मैत्री, संसार, पाळीव प्राण्याचा लळा, संग्रहालय, अंगी आलेली कौशल्ये अशा गोष्टींना. बारा गुण मिळाले तर चारही मेणबत्त्या पेटतात. म्हणजे अमर्याद नफ्याचा खेळ खेळणारे लोक जो खेळ खेळतात, त्याची गुणपत्रिका त्यांच्या बाजूने नाही. विहिरीला तळ नसलेला बाजार बरोन यांनी ठेवला. पण पैशाच्या गुणांना त्यांनी कमाल मर्यादा घातली. पहिली गोष्ट सोय म्हणून केली असावी, दुसरी विचार करून.

भाचीच्या हरितगृहात आता प्राचीन फळे आहेत आणि कोठारात पिंपांच्या रांगा. दहा लाख केव्हाच झाले. आजोबा आले तेव्हा तीनच मेणबत्त्या पेटल्या. समाधीवर एक हिरा ठेवला, की ते पुन्हा तपासायला येतात. हिरा तिच्याकडे आहे, पण तिने तो अजून ठेवलेला नाही. परवा फोनवर म्हणाली, सध्या ती गावातल्या लोकांचे वाढदिवस एका वहीत लिहून काढते आहे.